साउथ आफ्रिका वगळून

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

ठिकाण: भाट्ये, घराची पडवी. वारा उत्तरेचा, हलका. दर्या शांत. मी मात्र नाही.

शाळेचे हेडमास्तर विनोद सर आले होते. २६ तारखेला संविधान दिन, प्रमुख वक्ते म्हणून लवू नागवेकर, म्हणजे मी! विषय ‘आपले संविधान आणि परराष्ट्र धोरण’. मी म्हटलं, "सर, मी नववी नापास. उभा जन्म बोटीवर सुकाणी म्हणून चाक धरण्यात गेला." तर म्हणतात, "काका, तुम्ही फक्त डर्बनचं सांगा. मुलांना अभिमान वाटला पाहिजे."

एकेचाळीस वर्षं झाली त्या गोष्टीला. गावात चेष्टेत ‘डर्बनवाला’ म्हणतात मला. पण स्टेजवर बोलावून ‘सांगा’ असं कोणी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं. खोटं कशाला लिहू, सर गेल्यावर मी पडवीत दोन फेऱ्या मारल्या आणि आरशात केस बघितले. जे काय उरलेत ते.

दमयंतीला सांगितलं. ती कोळंबी सोलत होती. म्हणाली, "बरं झालं." आणि ताट उचलून आत गेली. बायकोला नवऱ्याचं कौतुक नसतं, हा जगाचा कायदाच आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

भाषणासाठी आधी सगळं इथे लिहून काढतो. बोटीच्या लॉगबुकात खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं काय ते लिहायचं आणि सही ठोकायची. या वहीलाही तोच कायदा.

तर १९८४. बोटीचा मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याच देशाचा आणि राबणारे आपण कोकणातले. मधेच मालकाची तार आली, डर्बनला माल घ्या. डर्बन म्हणजे साउथ आफ्रिका. तिथे काळ्या माणसाला बसायला बाक वेगळा, प्यायला नळ वेगळा. आपल्या सरकारने त्यांच्याशी व्यवहार तोडलेला आणि आमच्या पासपोर्टातच लिहिलेलं, सगळ्या देशांना चालेल, साउथ आफ्रिका वगळून. कॅप्टन म्हणाला, घाबरू नका, पासपोर्टावर शिक्का मारणार नाहीत, सुट्ट्या कागदावर मारतील, मग कागद फेकून द्या. झालं! सगळे आपापल्या कामाला लागले.

बंदरात शिरताना चाकावर माझी पाळी. ऑफिसर हुकूम देतो, सुकाणी तो हुकूम मोठ्याने परत म्हणतो, मग चाक फिरवतो. परत म्हटलं म्हणजे ऐकलं आणि मान्य केलं. ऑफिसरने हुकूम दिला. मी परत म्हटला नाही. त्याने दुसऱ्यांदा दिला, तिसऱ्यांदा ओरडून दिला. मी म्हटलं, "नो सर." बस, दोनच शब्द.

पण चाक सोडलं नाही हां! गावातले मेले सांगतात, ‘लवूने चाक सोडलं.’ सुकाणी असं चाक सोडत नाही, बोट खडकावर जाईल. कोर्स दोन-सात-शून्यवर धरून ठेवलं, दुसऱ्याचे हात चाकाला लागेपर्यंत. मग बाजूला झालो. चार दिवस डर्बनच्या धक्क्याला बोट होती, मी पाय खाली ठेवला नाही. पुढच्या बंदरातून मला घरी धाडलं. आमच्या नोकरीच्या पुस्तकात प्रत्येक सफरीनंतर वागणुकीचा शिक्का मारतात, ‘व्हेरी गुड’. माझ्या पुस्तकात मारला ‘अभिप्राय देण्यास नकार’. तो शिक्का बघितला की कोणी बोटीवर घेत नाही. तीन वर्षं बसून होतो.

देशाचा शब्द त्या बोटीवर मी एकट्याने पाळला आणि त्याची किंमतही मी एकट्याने मोजली. हे भाषणात असंच्या असं घेणार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

रेशन दुकानावर दीड तास. दमयंतीचा अंगठा मशीनवर उठत नाही. डावा लाव, उजवा लाव, पुसून लाव, तेल लावून लाव. दुकानदार म्हणतो, "काकी, तुमच्या बोटाला रेघाच नाहीत." मी त्याला झापला, मशीन भंगारातलं आणलंस आणि माणसाला नावं ठेवतोस? शेवटी माझ्या अंगठ्यावर तांदूळ मिळाले. ती सबंध वाटेत अंगठा पदराने चोळत होती. मीच बडबडत होतो, भाषणाची तालीम म्हणून.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

वारा पडला. उकडतंय.

नात ईशा मदतीला लागली आहे. तिचे आईबाप मुंबईत, ती आमच्याकडे राहून इथेच अकरावीत शिकते. जीभ आजीची, डोकं कोणाचं ते देवाला ठाऊक. तिने शोधून काढलं की १९४६ सालीच आपण साउथ आफ्रिकेशी व्यापार तोडला. सेहेचाळीस! देश अजून स्वतंत्र नव्हता, घरात खायची मारामार, आणि आम्ही दुसऱ्याच्या अपमानासाठी व्यापार तोडून बसलो. मी म्हटलं, बघ, याला म्हणतात छाती. पुढे संविधानातही घातलं, कलम एक्कावन्न. जगात शांतता राहावी, देशादेशांतले संबंध न्यायाचे आणि मानाचे असावेत, भांडण लवादाने मिटवावं, यासाठी सरकारने झटायचं. म्हणजे माझ्या पासपोर्टातली ओळ कोणा कारकुनाच्या डोक्यातून निघाली नव्हती, ती पार मुळापासून वर आलेली होती.

मी खूश झालो तर पोरगी म्हणते, "थांबा आजोबा, पुढे ऐका." १९५६ साली हंगेरीत रणगाडे घुसले तेव्हा आपण नीट तोंड उघडलं नाही. ब्रह्मदेशात लष्कराने लोकांना गोळ्या घातल्या, तेव्हा आधी आपण लोकांच्या बाजूने बोललो. नंतर त्याच लष्कराशी जुळवून घेतलं, सरहद्दीची गरज होती म्हणून. "मग तत्त्व कुठे गेलं?"

मला राग आला. मग वाटलं, राग पोरीचा आहे की उत्तर येत नाही याचा? शेवटी म्हटलं, कोर्स ठरलेला असला तरी वारा आणि पाण्याची ओढ बोटीला बाजूला नेते. म्हणून तर चाकावर माणूस लागतो. सारखं बघायचं, सारखं परत आणायचं. ईशा म्हणाली, "आणि कोणी बघतच नसेल तर?" मी म्हटलं, तेच विचारायला मी स्टेजवर जाणार.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पासपोर्ट सापडत नाही! स्टेजवर ती ओळ उघडून दाखवायची म्हणून ट्रंक काढली. नोकरीचं पुस्तक आहे, युनियनचं कार्ड आहे, एका बंदरातलं केसांचं तेलसुद्धा आहे, वाळून दगड झालेलं. पासपोर्ट नाही. तो नवा केला तेव्हा जुना रद्दचा शिक्का मारून परत मिळालेला, मला पक्कं आठवतंय.

दमयंतीला विचारलं. "असेल कुठेतरी." मी म्हटलं, रद्दीत घातलास ना? एवढं आयुष्य पणाला लावलं त्या ओळीसाठी, आणि तुला त्याची किंमत नाही. ती विहिरीवर गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. सुनावलं ते बरंच झालं.

रविवार, १६ नोव्हेंबर

दुपारी ईशाने विचारलं, चाक मग घेतलं कोणी?

रावजीने. राजापूरचा. आम्ही एकाच केबिनमधे तीन सफरी केल्या होत्या. ऑफिसरने त्याला बोलावलं. चाक घेताना घेणाऱ्याने कोर्स मोठ्याने म्हणायचा असतो. तो म्हणाला, "दोन-सात-शून्य," आणि मग हळूच, "लवू, माझी पोर इस्पितळात आहे रे." मी फक्त कोर्स परत म्हटला आणि बाहेर गेलो. त्याला ‘व्हेरी गुड’ मिळालं, पुढे तो सारंग झाला, खलाशांचा मुकादम. मी त्याच्याशी जन्मभर बोललो नाही. गेल्या पावसाळ्यात वारला, दिवसकार्यालाही गेलो नाही.

ईशा म्हणाली, "म्हणजे देशाने ओळ लिहिली आणि निभवायची मात्र तुम्ही दोघांनी? एकाची नोकरी गेली, एकाची मैत्री. सरकार आलं का विचारायला?"

नाही आलं. हे मला कधी सुचलं नव्हतं असं नाही, पण मोठ्याने कोणी म्हटलं नव्हतं. तरी लिहितो, पुन्हा चाक दिलं तर पुन्हा ‘नो सर’च म्हणेन. पोरीला म्हटलं, त्या तीन वर्षांत घर कसं चाललं कोण जाणे, पण चाललं. मी मिरकरवाड्याला मच्छीच्या लाँचवर जायचो, मिळेल तेव्हा. तुझी आजी काजूच्या कारखान्यात जायची, तेवढाच बायकांत वेळ जातो म्हणून.

दमयंती दारात उभी होती. म्हणाली, "हो. वेळच जायचा."

गुरुवार, २० नोव्हेंबर

भाषणाची प्रत सरांनी मागवली होती, तपासायला. परत आली. निम्म्या पानांवर लाल रेघा!

रेघा कशावर? डर्बनवर नाहीत. तिथे उलट ‘छान’ लिहिलंय. रेघा आहेत पुढच्या भागावर. हंगेरी, ब्रह्मदेश उडवलं. आणि मुलांना मी विचारणार होतो की आज आपण कोणाकडून तेल घेतो, कोणाला काय विकतो, कुठल्या लढाईत बोलतो आणि कुठल्या लढाईत खाली बघतो, हे तुम्ही पेपरात वाचता का? तेही उडवलं. समासात लिहिलंय, ‘आजचे नको.’

ज्या रत्नागिरीत इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला आणून तीस वर्षं कोंडून ठेवला, त्याचा राजवाडा अजून उभा आहे, त्या गावाला सांगता परराष्ट्र धोरण आपला विषय नाही? आमच्या प्रत्येक वाडीत चार माणसं परदेशी पाण्यावर आहेत. लढाई कुठेही होवो, पहिला फोन इथे वाजतो.

सरांना निरोप धाडला. बोलेन तर सगळं बोलेन.

निरोप गेल्यावर वाटलं, नाही बोलावलं तर? ‘नकार’ हा शिक्का पुस्तकात घेऊनच मरायचं? ते स्टेज मला हवंय. फार हवंय. लाल रेघा मान्य केल्या तर कोणाला कळणार आहे? बसून राहिलो प्रत हातात घेऊन.

सोमवार, २४ नोव्हेंबर

ठिकाण तेच. वारा कुठला ते बघितलं नाही.

सर संध्याकाळी आले. माणूस वाईट नाही, घाबरलेला आहे. म्हणाले, "काका, तालुक्याहून साहेब येणार आहेत. माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. तुम्ही डर्बनवर थांबा. नाहीतर असं करू, तुमची तब्येत बिघडली म्हणून सांगू. तुमचा मान राहील, माझाही. दोन ओळींचा अर्ज लिहून आणलाय, नुसती सही करा."

मी कागद हातात घेतला. खरं लिहितो, घेतला.

दमयंती चहा घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला, कप हिंदकळले. "आजारी?" म्हणाली. "पुन्हा आजारी?"

मी म्हटलं, "पुन्हा म्हणजे काय गो?"

ती माझ्याकडे न बघता सरांशी बोलली. "पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात बोटीवर माणसं भरणाऱ्या एजंटाचा माणूस आला होता मोटरसायकलवरून. हे लाँचवर होते. असाच कागद घेऊन आला होता. लिहिलेलं, की डर्बनला मी आजारी होतो म्हणून काम केलं नाही. नवऱ्याची सही घेऊन ठेव म्हणाला, शिक्का बदलून देतो, महिन्याभरात बोट देतो. परवा येतो म्हणाला. परवा आला तेव्हा कागद सहीशिवायच परत दिला मी."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सही केली असतीत म्हणून."

ईशा माजघराच्या दारात. सर चहाकडे बघत.

"तेव्हा तुम्ही रात्रंदिवस म्हणत होता, चूक झाली, कशाला नको ते केलं. आठवत नाही तुम्हाला. मला आठवतंय. त्याआधी घरी आलात त्या दिवशी याच पडवीत तुम्ही मला ती ओळ वाचून दाखवली होती. मला इंग्रजी येत नाही, पण पाठ झाली ती. म्हटलं, सरकारने लिहिलं, माझ्या माणसाने पाळलं, आता आजारी होता म्हणून कसं सांगायचं? मग गेले काजूच्या बिया फोडायला. तीन वर्षं तुमच्यासाठी, पुढची आठ पोराच्या शिक्षणासाठी. टरफलाच्या तेलाने कातडी जाते. ते मशीन भंगारातलं नाही हो."

आत गेली, तांदळाच्या डब्यामागून फडक्यात बांधलेला पासपोर्ट घेऊन आली आणि माझ्या मांडीवर टाकला. "तुमच्या ट्रंकेत ठेवला असता तर फाडला असतात तुम्ही कधीतरी. तेव्हा तसे होतात."

सरांचा अर्ज मी फाडला नाही. घडी घालून त्यांच्या खिशात ठेवला आणि म्हटलं, "सर, चहा घ्या. परवा मी येतोय. तुम्ही मला स्टेजवरून उतरवा, तो तुमचा हक्क. मी आपणहून उतरणार नाही."

आता प्रश्न. सही केली असती का मी? तो पावसाळा आठवायचा प्रयत्न केला. केली असती. मुकाट्याने केली असती.

बुधवार, २६ नोव्हेंबर

वारा उत्तर-वायव्य, बरा. दर्यावर थोडी फेसाची पांढरी फुलं.

सरांनी मला उतरवलं नाही. उद्देशिका झाली, हार झाले, साहेबांचं भाषण झालं. मग मी उभा राहिलो. डर्बनपर्यंत सगळं छान. टाळ्या. साहेबसुद्धा हसले. पुढे गेलो तसं हसणं संपलं. सेहेचाळीस सांगितलं, कलम एक्कावन्न सांगितलं, मग हंगेरी आणि ब्रह्मदेश. म्हटलं, मुलांनो, या देशाने जन्माआधीच ठरवलं होतं की दुसऱ्याच्या अपमानावर आपला धंदा करायचा नाही. कधी पाळलं, कधी नाही. साउथ आफ्रिका मोकळी झाली तेव्हा माझ्या पासपोर्टातली ओळ काढली, आणि काढली ते बरोबरच केलं. आज तुमच्या पासपोर्टात तशी ओळ नाही. म्हणजे तुम्हाला नकार द्यायचं कामच उरलं नाही, असं समजू नका.

सर मागून कुजबुजले, "काका, आवरा." मी हुकूम परत म्हटला नाही. दुसऱ्यांदा म्हणाले. मग माईक बंद झाला. कोणी केला ते बघितलं नाही. वादळात पुढच्या डेकवर ऐकू जाईल असा आवाज आहे माझा, अजून आहे. तसाच बोललो.

म्हटलं, एक चूक दुरुस्त करायची आहे. एकेचाळीस वर्षं मी सांगत आलो की मी एकट्याने नकार दिला. मी दोन शब्द बोललो, दोन मिनिटांचं काम. नंतर तो नकार मागे घ्यायला माणूस दारात आला, तेव्हा तो टिकवला माझ्या बायकोने. मला न विचारता. आणि राजापूरच्या रावजीने चाक घेतलं, त्याची पोर आजारी होती, त्याला मी जन्मभर शिक्षा केली. ती चूक दुरुस्त करायला आता रावजी नाही.

पासपोर्ट उघडला आणि ओळ वाचायला गेलो तर चष्मा घरी! एवढी तालीम केली आणि चष्मा घरी. शाई फिकट झालेली, अक्षर लागेना. साहेब घड्याळ बघायला लागले.

बायकांच्या बाकावरून दमयंती उठली. पदर खोचला आणि तिथूनच म्हणाली, खणखणीत, "व्हॅलिड फॉर ऑल कंट्रीज, एक्सेप्ट रिपब्लिक ऑफ साउथ आफ्रिका."

आणि पुढे बसलेली पाचवी-सहावीची पोरं. त्यांना सवय असते ना, बाई म्हणतील ते मागोमाग म्हणायची. त्यांच्याबरोबर सबंध शाळेच्या अडीचशे पोरांनी एका सुरात ओळ परत म्हटली. कोणी सांगितलं नव्हतं. पत्र्याच्या छपराखाली असा आवाज घुमला की माईक कशाला हवा! मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, लपवलं नाही.

साहेब चहाला थांबले नाहीत. सर कपाळाला हात लावून बसले होते. जाताना माझ्या हातात नारळ देत म्हणाले, "काका, चौदा महिने राहिलेत हो." मी म्हटलं, "निघतील. आमची तीन वर्षं निघाली." ते हसले की नाही, नीट कळलं नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

ठिकाण: भाट्ये. वारा उत्तरेचा. आंब्याला एका फांदीवर मोहर दिसतोय.

सकाळी ४ तारखेचं पान काढलं. ‘मी एकट्याने’ दोन ठिकाणी आहे. दोन्हींवर एकेक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येतंय. पहिल्याच्या बाजूला लिहिलं, ‘मी आणि दमयंतीने.’ दुसरं किंमत मोजल्याचं होतं. तिथे लिहिलं, ‘दमयंतीने.’ सही केली.

मग वाटलं, माझ्या एकट्याच्या सहीने ही दुरुस्ती पुरी होत नाही. वही घेऊन परड्यात गेलो. ती मिरच्यांना पाणी घालत होती. काय ते वाचून दाखवलं आणि म्हटलं, इथे तूही कर. तिने हात पदराला पुसले, पान नीट बघितलं.

"अंगठा मागू नका," म्हणाली, "तो उठत नाही. पेन द्या."